कोणी न उघडलेलं सॉफ्टवेअर

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रेमानंद खोब्रागडे यांनी जरीपटक्यातल्या विक्कीच्या दुकानातून नऊ हजार सातशे पन्नास रुपयांना एक जुना लॅपटॉप घेतला. विंडोज टाकून दिला असता तर आणखी पैसे पडले असते. म्हणून विक्कीनं त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं. ते फुकट होतं. खोब्रागड्यांनी तरीही पावती मागून घेतली.

पावतीशिवाय त्यांना चैन पडत नसे. इतवारीत भांड्यांच्या एका ठोक दुकानात ते मुख्य हिशेबनीस होते. सकाळी बिलं फाडून, संध्याकाळच्या कॉलेजात बी.कॉम. करून ते त्या खुर्चीपर्यंत पोचले होते आणि आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दुकानातल्या नव्या पोरांना पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट सांगत, 'वाचल्याशिवाय सही नाही. मालकानं म्हटलं तरी नाही.' मालकसुद्धा हे वाक्य त्यांची नक्कल करून म्हणत.

लॅपटॉप आणला होता सुनेसाठी. मुलगा जितेंद्र बुटीबोरीला कारखान्यात, दिवसपाळी-रातपाळीत अडकलेला. सून नंदिनी मराठी टायपिंग शिकलेली, घरी बसून कंटाळलेली. एका शिकवणीवर्गानं तिला प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम देऊ केलं होतं. लॅपटॉप आला आणि काम सुरू झालं. पण संध्याकाळी इतवारीतून परतले की खोब्रागडेही हळूच त्याच्यासमोर बसू लागले. दुकानातला संगणक फक्त बिलांपुरता, त्यात दुसरं काही करायची मुभा नव्हती. हा घरचा होता.

"काहो," त्यांच्या पत्नी कौसल्याबाई म्हणत, "दिवसभर भांडे मोजून पोट नाही भरत का? आता या डब्याच्या मागं लागले!"

"शिकून राहिलो वं."

"या वयात?"

सुरुवातीला फजितीच झाली. इंटरनेटवरून हिशेबाचं एक सॉफ्टवेअर त्यांनी उतरवून घेतलं आणि त्यावर वीस वेळा क्लिक केलं. काही हललं नाही. नंदिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"मामाजी, हे विंडोजचं आहे. इथं नाही चालत. आणि असं बाहेरून उचलून नाही आणायचं. याचं आपलं कोठार असते. आपण फक्त नाव सांगायचं, तो आणून देते."

तिनं काळी खिडकी उघडून दिली. त्यात एक ओळ टाइप करायची, मग पासवर्ड. खोब्रागड्यांनी पासवर्डाची अक्षरं दाबली, पण पडद्यावर एक ठिपका उमटेना.

"कीबोर्ड मेला वाटते."

"मेला नाही जी. पासवर्ड दाखवत नाही तो. तुम्ही टाकत राहा."

त्यांनी भीत भीत टाकला आणि काळ्या खिडकीत अक्षरं पावसाळी नाल्यासारखी धावू लागली. सॉफ्टवेअर आलं. मेनूत त्याचं नाव दिसलं, दाबलं तर उघडलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी पोळी उगाचच दोनदा मागितली. पुढं ते स्वतःच टाकू लागले, चालवून पाहू लागले, नको ते काढू लागले. पासवर्ड घरात दोघांनाच ठाऊक होता, नंदिनीला आणि त्यांना. या गोष्टीचाही त्यांना जरा अभिमान होता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लॅपटॉप जड चालू लागला. नंदिनी दोन दिवसांसाठी पारशिवनीला माहेरी गेली होती. तिच्या चार प्रश्नपत्रिका त्यात होत्या, तीन पूर्ण, एक अर्धी. सोमवारी सकाळी दहाला त्या वर्गावर पोचवायच्या होत्या. उशीर झाला तर काम दुसऱ्या बाईकडे जाणार, असं वर्गवाल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रविवारी संध्याकाळी ती परतणार होती. तिच्या आधी यंत्र हलकं करून ठेवावं, असं खोब्रागड्यांच्या मनात आलं.

तो रविवार एकतीस मार्चचा होता. दुकानात दरवर्षी याच दिवशी ते झोपलेली खाती बंद करत. वर्षभर ज्या खात्यात ना आवक ना जावक, ते काढून टाकायचं, म्हणजे नवं वर्ष स्वच्छ सुरू होतं. मालकांना त्यांचं हे काम फार आवडे. त्यांनी लॅपटॉपलाही तोच नियम लावला. यंत्रात काय काय आहे त्याची जंत्री काढली आणि एकेका नावावर बोट ठेवून स्वतःला विचारलं, हे नंदिनीनं कधी उघडलं? नाही. मी उघडलं? नाही. मग काढा.

पाच-सहा नावं सहज गेली, यंत्राचं काही बिघडलं नाही. त्यांचा हात मोकळा झाला. मग आलं पायथन. मेनूत ते कुठं दिसत नव्हतं आणि कोणी उघडल्याचंही आठवत नव्हतं. त्यांनी काढायचा हुकूम दिला. या वेळी काळ्या खिडकीत इंग्रजी नावांची लांबलचक यादी सरकत गेली, पडदा भरून वर निघून गेली आणि तळाशी प्रश्न उरला, पुढे जायचं का? आधीच्या प्रत्येक वेळी ते 'वाय' दाबत आले होते. आताही दाबलं.

थोड्या वेळानं खालची पट्टी नाहीशी झाली. त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. ना चित्र, ना मेनू. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ लुकलुकत होती, नाव विचारत होती. त्यांनी आपलं पूर्ण नाव टाइप केलं. मग पासवर्ड टाकला. चूक आहे, असं उत्तर आलं.

त्यांनी झाकण मिटलं, त्यावर रुमाल टाकला आणि सकाळीच वाचून झालेलं वर्तमानपत्र पुन्हा उघडलं.

नंदिनी आली, पाणी प्यायली आणि सरळ लॅपटॉपकडे गेली. तिचं तोंड उतरलेलं त्यांना वर्तमानपत्राच्या कडेवरून दिसलं.

"हे काय झालं?"

"काय झालं म्हणजे?" कौसल्याबाई आतूनच म्हणाल्या. "तूच काहीबाही टाकत राहते त्याच्यात! परवा ते चित्रं काढायचं काय टाकलं होतं? सांगितलं होतं मी, बिघडंन म्हणून. उद्या काम द्यायचं आहे ना?"

"आई, मी टाकलं त्यानं असं नाही होत."

"मग भूत आलं होतं का?"

नंदिनीनं सासऱ्यांकडे पाहिलं. काही काढायचं म्हटलं की पासवर्ड लागतो आणि पासवर्ड दोघांनाच ठाऊक. तिला कळलं होतं, आणि तिला कळलं आहे हे त्यांनाही कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"असंन आई," नंदिनी म्हणाली. "माझ्याच हातून झालं असंन."

खोब्रागड्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुकानात कुणाची चूक दुसऱ्यावर ढकलली गेली तर ते अख्खी फाइल मागवून खऱ्या माणसाला उभं करत. आणि इथं ते स्वतः पानामागे बसले होते.

"चल, मी नेऊन देतो विक्कीकडे," एवढंच ते म्हणाले.

स्कूटरवर मागं बसलेल्या नंदिनीनं लॅपटॉप वाटभर छातीशी धरला होता. विक्की शटर ओढण्याच्या बेतात होता. त्यानं लॅपटॉप उघडला, दोन ओळी टाइप केल्या आणि कपाळावर हात मारला.

"भाभीजी, पायथन निकाल दिया आपने? पूरा डेस्कटॉप उसके भरोसे रहता है!"

"पेपर होते त्यात," नंदिनीचा आवाज बारीक झाला. "गेले का?"

"पेपर सलामत है. फाइल को कुछ नहीं होता. मगर भाभी, निकालने से पहले वो पूरी लिस्ट दिखाता है, पूछता है. बिना पढ़े हाँ कैसे बोल दिया?"

नंदिनी खाली मान घालून उभी राहिली. शेजारी खोब्रागडे. 'वाचल्याशिवाय सही नाही.' हे वाक्य आयुष्यभर त्यांच्या तोंडी होतं, आज ते विक्कीच्या तोंडून सुनेला ऐकावं लागत होतं. त्यांनी तोंड उघडलं. पण मागून एक गिऱ्हाईक चार्जर मागत आलं आणि त्यांनी ते पुन्हा मिटलं.

विक्कीनं प्रश्नपत्रिका पेन ड्राइववर काढल्या, लिनक्स नव्यानं टाकलं. चारशे रुपये झाले. खोब्रागड्यांनी खिशात हात घातला तर पाकीट घरीच. नंदिनीनं पर्स उघडली. तिच्या पहिल्या कमाईतल्या नोटा तिनं अजून मोडल्या नव्हत्या, त्यातली एक पाचशेची तिनं काउंटरवर ठेवली.

घरी दारातच कौसल्याबाईंनी विचारलं, "किती घेतले?"

"चारशे."

"घ्या! कमाई दिसायच्या आधी खर्च. म्हणूनच म्हणत होती मी, ज्याच्यातलं समजत नाही त्याले हात काहून लावा?"

"मी लावला," खोब्रागडे म्हणाले. चप्पल अजून पायातच होती. "तिनं नाही. मी काढलं ते, न वाचता."

कौसल्याबाई त्यांच्याकडे वळल्या. "मग मघापासून तोंडात काय धरलं होतं जी? पोरीले इतकं बोलली मी, आणि तुम्ही पेपर वाचत बसले?"

कौसल्याबाई सुनेसमोर भाजीची थाळी आणून ठेवेपर्यंत ते दारातच उभे होते. नंदिनी अर्ध्या राहिलेल्या पेपराला लागली होती. सोमवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना चारही पेपर वर्गावर पोचले. पुढच्या महिन्याचं कामही तिलाच मिळालं.

त्या संध्याकाळी खोब्रागड्यांनी शंभराच्या चार नोटा तिच्यापुढे धरल्या.

"आधी इथं बसा," ती म्हणाली. "हे एक गेम काढून दाखवा. पण यादी मोठ्यानं वाचा, एक नाव सोडायचं नाही."

त्यांनी वाचली. अडखळत, इंग्रजी नावांचे उच्चार चुकवत, शाळकरी पोरासारखी. कौसल्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या आणि हसल्या नाहीत, हे त्यांना जास्त लागलं.

नंदिनीनं तीन नोटा घेतल्या, एक परत केली.

"हे शंभर माझ्या वाट्याचे. आईसमोर खोटं तर मीही बोलली ना, मामाजी."

खोब्रागड्यांना हा हिशेब मान्य नव्हता. तिचं खोटं त्यांच्यामुळे होतं. नंतर त्यांनी दोनदा ती नोट पुढं केली, दोन्ही वेळा तिनं घेतली नाही.

नंदिनीचे शंभर रुपये देणे बाकी आहे.