बोहनीच्या आधी रक्त नाही

"अगं ताई, तू मागे बस, बायकांसोबत. पुढच्या खुर्च्या टीमसाठी आहेत."

अंधेरीच्या हॉटेलात, अभ्यासाचा अहवाल मांडायच्या कार्यक्रमात, मॅडम मला हे म्हणाली. हॉल एवढा गार, की पापलेट आठवडाभर टिकलं असतं. हसून म्हणाली. तिचं हसणंसुद्धा इस्त्री केलेलं. टीम म्हणजे ती आणि तिची तीन माणसं. मी कोण? मालाडच्या कोळीवाड्यातली, दीड वर्ष तिच्या रक्तातल्या साखरेच्या अभ्यासाला मासळीवाल्या बायका मिळवून देणारी, त्यांचं रक्तही घेणारी.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते. तिच्या साडीवर. इंग्रजीवर. तिच्या गळ्यातल्या कार्डावर तिचं नाव होतं, माझ्या कार्डावर नुसतं ‘फील्ड’.

पडद्यावर फोटो आला. निळं दार, त्याला कुलूप. खाली लिहिलेलं, पोहोचायला कठीण लोक. दार माझ्या मावशीचं. मावशी माझ्याच शेजारी.

"आगो, मी कठीण?" ती अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी बोलली. "रोज मार्केटात त्याच जागेवर बसते ना मी!"

तेच तर. मॅडमची माणसं यायची सकाळी अकराला. तेव्हा कोळणी बाजारात. कुलूप दिसलं, की फॉर्मवर ‘नकार’ लिहून मोकळी. मी म्हटलं, बाजारात चला. तिथे वेगळीच वाट लागली. रक्त हवं उपाशीपोटी, आणि बोहनी व्हायच्या आधी कोळीण हातातून काही सोडत नाही. मीठ मागा, नाही देणार. रक्त तर सोडाच! एकीने माझ्या सुईसमोर कोयता धरला, तो माझ्याएवढा उंच होता.

पण मी त्यांच्यातलीच. मला माहीत होतं, बोहनीच्या आधी त्या चहाही घेत नाहीत. म्हणून पहिलं गिऱ्हाईक मीच झाले. एकेकीकडून मूठभर मांदेली घ्यायची, तिची बोहनी करायची आणि चहा यायच्या आत बोट टोचायचं. घरी एवढी मांदेली झाली, की गल्लीतली मांजरं मला बघून तोंड फिरवायला लागली. एकही बाई सुटली नाही.

आणि आता मॅडम माईकवर सांगत होती, "आमच्या टीमने बोहनी पद्धत विकसित केली."

टाळ्या. एवढ्या, की झुंबर पडतंय वाटलं. वाजवणाऱ्यांतल्या एकालाही मांदेलीचा वास ठाऊक नसेल.

कुणीतरी विचारलं, कल्पना कशी सुचली? मॅडम म्हणाली, "खूप चर्चा केली आम्ही." मी हात वर केला.

"ताई, थांब हं. आधी मोठ्या लोकांचं होऊ दे."

मावशीने कोपराने ढोसलं. "तू कवा मोठी होनार गो?"

मॅडम पुढे बोलतच होती. "पुढच्या महिन्यात दुसरी फेरी. याच बायका पुन्हा तपासायच्यात. ताई आणेल सगळ्यांना."

मी उठले. मधल्या वाटेने पुढे गेले.

"नाही आणणार."

माईक लागला नाही. आमचा गळा बाजारात तयार झालेला.

"ताई, सीन नको करू प्लीज," मॅडम हळूच म्हणाली.

"मला नाव आहे. दीड वर्षात एकदाही घेतलं नाहीस. आणि मांदेली मी घेतली होती, तू नाही."

मागून मावशी उठली, मग आमच्या सगळ्या बायका. आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो.

काम गेलं. जाऊ दे. मत्सर गेला नाही, आणि त्याची मला लाज नाही. ज्या गोष्टीवर ती टाळ्या घेत होती ती माझी होती, मग मी जळणारच.

दुसऱ्या फेरीसाठी तिचे फोन येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिल्या फेरीत कुणाला काय आजार निघाला, ते आधी आमच्या वाड्यात, मराठीत, त्या त्या बाईला समजावून सांगायचं. पुढचे प्रश्न आमच्यासोबत बसून ठरवायचे. अहवालावर माझं नाव हवं, आणि पुढच्या हॉलात बोलायला मी उभी राहणार. तोवर मालाडच्या बाजारात एकही बोट पुढे होणार नाही.