वळणावरचा फलाट

फलाट वळणावर घ्यायचा हा हट्ट माझाच होता. आमच्या सात-आठ हौशी लोकांच्या गटाने रेल्वेच्या मॉडेलचं प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं आणि स्टेशनचं काम माझ्याकडे आलं होतं. गंगापूर रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढते. मोजमापाची कामं गटातही माझ्याच गळ्यात पडतात.

सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचे, थर चिकटवून फलाट उचलला. वर पॉलिश पेपर लावून राखाडी रंग दिला, मध्ये मध्ये मुद्दाम गडद ठिगळं ठेवली. नळाखाली ओलीचा डाग, बाकांच्या पायाशी पानाच्या पिचकाऱ्या, चहाचा स्टॉल, पत्र्याची शेड. गुरुवारी गाडी सोडून पाहिली, तर तिसरा डबा फलाटाला घासला आणि खडखडत रुळावरून उतरला.

फलाट वळणाच्या आतल्या बाजूला होता. तिथे लांब डब्याचं पोट फलाटाकडे सरकतं. मी कटरने कड तासली. पुन्हा घासला. आणखी तासली. प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते आणि इंजिन दुसऱ्याकडून मागून आणलेलं.

आवाज ऐकून बाबा दारात आले. त्यांची सगळी नोकरी गार्ड म्हणून पॅसेंजर गाड्यांवर झाली. आता वय अठ्ठ्याहत्तर. घरात आम्ही दोघंच. पण माझ्या या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत. आयुष्यभर गाड्या पाहिल्या, कंटाळले असतील, अशी मी समजूत करून घेतली होती.

"फट किती ठेवलीस?" त्यांनी विचारलं.

"सहा मिलिमीटर. दारापाशी थोडी जास्त."

"खऱ्या फलाटावर किती होईल?"

मी मनात हिशेब केला. "अर्धा मीटर. जास्तच."

ते टेबलापाशी आले आणि गुडघे धरून हळूहळू खाली बसले. शेवटच्या डब्यामागे डोळा नेला. मग म्हणाले, "इथून बघ. किती डबे दिसतात?"

मी त्यांच्या शेजारी बसले. "दोन. पुढे स्टॉल आणि शेडचे खांब येतात."

"मलाही दोनच दिसत होते."

मला काही कळेना. त्यांचा चेहरा घामाने ओला झाला होता. मी पाणी आणायला उठले, तर त्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं.

मी शाळेत असतानाची गोष्ट त्यांनी सांगितली. एक छोटं स्टेशन, असाच वळणावरचा फलाट. शेवटी असलेल्या गार्डच्या डब्यातून सगळी गाडी दिसत नसे, म्हणून मधोमध स्टेशनचा एक माणूस, पॉइंट्समन, उभा राही. सगळे चढले-उतरले की तो हिरवी झेंडी दाखवी. ती पाहून बाबांनी आपली झेंडी दाखवायची, अशी पद्धत.

"त्या दिवशी तो दिसला नाही," बाबा म्हणाले. "गाडी लेट होती. मी झेंडी दाखवली."

एक बाई उतरत होती. गाडी हलली, पाय फटीत गेला.

"वाचली?"

"वाचली. पाय गेला."

"मग चौकशीत?"

"मी लिहिलं, त्याची झेंडी दिसली. तो म्हणाला, मी झेंडी दाखवली. खरं तर तो तिथे नव्हताच. आम्ही आपसात काही ठरवलंही नव्हतं. बाईने चालत्या गाडीतून उडी मारली, असं कागदावर आलं. मी खाली सही केली."

ते उठून गेले. रात्री जेवताना मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. शुक्रवारी ऑफिसात एका जिन्याचं माप दोनदा चुकलं. ज्या माणसाने मला सांगितलं होतं की चुकलं तर लगेच कबूल करावं, त्याने हे केलं होतं. चीड येत होती. आणि त्यांचं खाली बसणं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

शनिवारी मी फलाट पुरा केला. रविवारी हॉलमध्ये सहाही डबे न घासता गेले, लोकांनी फोटो काढले. बाबा आले नाहीत. मी घरी आले तेव्हा जुन्या कागदांची पिशवी त्यांच्या मांडीवर होती.

"त्या बाईच्या गावाचं नाव यात आहे," ते म्हणाले. "देवळा गावाजवळ. येशील बरोबर?"

मंगळवारी रजा टाकून आम्ही बसने गेलो. सगळ्या वाटेत बाबांनी कागदांची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. गावात दोघा-तिघांना विचारल्यावर घर सापडलं. ओट्यावर एक म्हातारी कांदे निवडत बसली होती. शेजारी कुबडी. सून आतून बाहेर आली.

बाबांनी नाव सांगितलं, मग गाडीचं नाव, मग म्हणाले, "मी त्या गाडीचा गार्ड होतो."

तिचे हात थांबले. आता ती ओरडेल, की सुनेला आम्हाला हाकलायला सांगेल, मला काहीच अंदाज येईना.

"मी उडी मारेल नव्हती," ती म्हणाली. "तुमले माहीत शे ना?"

"माहीत आहे. झेंडी मी न बघता दाखवली. चूक माझी."

"मना मालक मरेपर्यंत बोले, तुले घाई व्हती म्हणून." तिने हातातला कांदा खाली ठेवला. "लिखी द्या."

सुनेने नातवाच्या वहीतलं पान फाडून आणलं. बाबा ओट्याच्या पायरीवर बसून लिहू लागले. अक्षर वाकडं होत होतं. दोनदा पेन थांबलं, तेव्हा मला वाटलं, आता उठतील. नाही उठले. पूर्ण नाव लिहिलं, खाली हुद्दा लिहिला, सही केली.

म्हातारीने पान सुनेला दिलं. "वाच. जोरमा वाच."

सुनेने वाचलं. शेजारच्या ओट्यावरच्या बायका ऐकत होत्या. म्हातारीने पुन्हा वाचायला लावलं. मग पान घेऊन चार घड्या केल्या आणि कमरेला खोचलं.

तिने माफ केलं असं काही म्हटलं नाही, चहाही विचारला नाही. बाबांनी हात जोडले. तिने मान हलवली आणि सुनेला सांगितलं, "यासले बसवर सोडी ये. उन्ह लागी जाई."

फाट्यापर्यंत सून आमच्यापुढे चालत होती.