ताईच्या व्हॅनमधला अर्थ

गल्लीच्या टोकाला ज्याचं गॅरेज आहे त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. पदवी गल्लीने दिलेली आहे, आणि गल्ली फुकट काही देते तेव्हा त्यात थोडी थट्टा असतेच. हा माणूस गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतो. पूर्वी तो टेस्ट लॅम्प घेऊन बॉनेटखाली वाकलेला असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे, "आधी अर्थ बघावा, मग अनर्थ शोधावा." अर्थ म्हणजे बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला जोडणारी जाड तार. दिवे, पंखा, सेन्सर, सगळ्यांची वीज काम आटोपून त्याच वाटेने घरी परतते.

मग त्याने स्कॅनर घेतला. गाडीला जोडला की पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो आणि पुढे आजारी सेन्सरचं नाव. त्या दिवसापासून डॉक्टरच्या कमरेला विश्रांती मिळाली, आणि डोक्यालाही. स्कॅनर गळ्यात अडकवून तो हिंडू लागला तेव्हा पदवी कायम झाली.

डॉक्टरला एक थोरली बहीण आहे. तिची लाँड्री आहे आणि त्या लाँड्रीचा बराचसा जीव एका इस्पितळाच्या चादरींवर चालतो. पहाटे, उजाडायच्या आत, ताई स्वतः जुनी व्हॅन चालवत धुतलेल्या चादरी पोचवते. अलीकडे ती व्हॅन इस्पितळाच्या अलीकडच्या चढावर मान टाकू लागली होती. इस्पितळातल्या भांडारवाल्या बाईंनी ताईला थंडपणे सांगितलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला ना, तर हे काम दुसऱ्या लाँड्रीला जाईल." त्या बाई धमक्या देत नसत. नुसती माहिती देत.

ताईने व्हॅन भावाकडे आणली. स्कॅनर म्हणाला, इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर गेला. डॉक्टरने बदलला. व्हॅन भर दुपारी बाजारातून फिरवून आणली, लोण्यासारखी चालली. पहाटे चढावर बंद. स्कॅनरने मत बदललं: आता हवेच्या झडपेचा सेन्सर. तोही बदलला, पुन्हा दुपारची फेरी, पुन्हा लोणी, आणि पहाटे पुन्हा तेच. दोन्ही वेळा ताईने टेम्पो बोलावून चादरी कशाबशा वेळेत पोचवल्या. काढलेले सेन्सर डॉक्टर एका बिस्किटांच्या डब्यात टाकत होता. रोगी बरा होत नव्हता, पण अवयव साठत होते.

"अरे, मी काय सांगते ते ऐक," ताई म्हणाली. "दिवे लावले की तापमानाचा काटा वर चढतो. बंद केले की खाली येतो."

"ताई, दिव्यांचा आणि तापमानाचा काय संबंध?"

"ते तू सांगायचं. डॉक्टर तू आहेस."

"तुझ्या बोलण्याला काही अर्थ नाही," डॉक्टर म्हणाला आणि स्कॅनरकडे वळला. इतकं अचूक निदान त्याने वर्षभरात केलं नव्हतं. फक्त ते आपण केलंय हे त्याला कळलं नाही.

त्या दिवशी ताई घरी गेलीच नाही. ग्राहकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसून राहिली. सोबत दाजी होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान. निवृत्त झाल्यापासून त्यांना रंगाचा नाद लागला होता आणि रंग एकच, चंदेरी. घराचं फाटक, कुंड्या, शिडी, पाण्याची टाकी, सगळं चंदेरी झालं होतं. जे हलत नाही ते दाजी रंगवत, आणि व्हॅन पहाटेची फेरी झाली की दिवसभर दारात उभीच असे.

"शटर ओढ," ताई म्हणाली.

"कशाला?"

"तू दुपारी उन्हात गाडी फिरवतोस. मी अंधारात जाते. तुला दिवे लावायची गरजच पडत नाही. आज लाव."

शटर खाली आलं. इंजिन चालू झालं. ताईने दिवे लावले, पंखा सोडला, आणि काटा शहाण्यासारखा वर निघाला. इंजिन खोकलं. दिवे बंद, काटा खाली. पुन्हा लावले, पुन्हा वर.

"यात काही अर्थ..." डॉक्टर म्हणाला आणि थांबला.

त्याने गळ्यातला स्कॅनर काढून खिळ्याला टांगला. कपाटामागून धुळीने माखलेला मीटर काढला. एक टोक बॅटरीच्या वजा बाजूला, दुसरं इंजिनाला. जिथे मीटरचा काटा जेमतेम हलायला हवा, तिथे तो टुणकन उडाला. मग एक जाड केबल आणून त्याने बॅटरीची वजा बाजू थेट पत्र्याच्या एका उघड्या कडेला जोडली. दिवे चालू असतानाच तापमान जागेवर आलं. परतीची वाट जवळजवळ बंद असल्यामुळे दिव्यांची वीज सेन्सरच्या वाटेने घुसत होती आणि बिचारे सेन्सर भलतंसलतं बरळत होते. डब्यातले सगळे निरोगी होते.

बॅटरीजवळचा बोल्ट त्याने खोलला. बोल्ट चंदेरी. वॉशर चंदेरी. वॉशरखालचा पत्राही चंदेरी, गुळगुळीत, आरशासारखा.

"दाजी," डॉक्टर म्हणाला, "ही तार काढली होती तुम्ही?"

"मग? वरवर फासणारा माणूस नाही मी," दाजी अभिमानाने म्हणाले. "सगळं सोडवून, खालून दोन हात दिलेत. गंज लागायला नको."

"गंज नाही लागला. वीजही नाही लागली."

"रंगाने कधी गाडी बंद पडते का रे?"

"अहो," ताई म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा."

डॉक्टरने तो रंग सँडपेपरने घासला तेव्हा दाजी बाहेरून आवाज ऐकत होते आणि त्यांना प्रत्येक ओरखडा स्वतःच्या पाठीवर वाटत होता. पत्रा उघडा झाला, बोल्ट घट्ट बसला. डॉक्टरने डब्यातले जुने सेन्सर मुकाट्याने जागच्या जागी बसवले.

पहाटे ताईने भावाला शेजारी बसवून नेलं. "बंद पडली तर ढकलायला कुणीतरी हवं," एवढंच कारण दिलं. दिवे लावून, पंखा सोडून व्हॅन चढावर आली. डॉक्टर काट्याकडे बघत होता, ताई डॉक्टरकडे. व्हॅन चढ चढून गेली. इस्पितळाच्या दारात भांडारवाल्या बाईंनी घड्याळ पाहिलं, चादरी आत घेतल्या आणि काहीही बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठा सत्कार होत नसे.

"आला का अर्थ माझ्या बोलण्याला?" परतताना ताईने विचारलं.

"तू म्हणालीस म्हणूनच तर मी मीटर काढला."

"हो ना. बसून बसून माझी कंबर गेली, ती उगाच."

गॅरेजवर दाजी वाट बघत उभे होते. हातात डबा आणि ब्रश.

"काम झालं ना? मग त्या बोल्टवर एक हात देतो. फार उघडा दिसतोय, गंजेल."

दाजींचं या वेळी बरोबर होतं. घट्ट आवळल्यावर वरून रंग दिलेला चांगलाच.

"वरून द्या, दाजी," डॉक्टर म्हणाला. "पण पान्याला हात लावायचा नाही."

पाने त्याने आधीच कुलपात ठेवले होते.