भट्टीचा पेढा

बडनेरा रस्त्यावर वीटभट्टीचा धूर नाकात गेला की मला एक पेढा आठवतो. मुंबईची अणुभट्टी तेव्हा नवी होती. अमरावतीला बी.एस्सी. करून मी आणि माझा मित्र, दोघांनी तिथे मुलाखत दिली. निवड त्याची झाली. त्याची आई गल्लीत पेढे वाटू लागली. शेजारी म्हणाले, "शिकूनसवरून भट्टीवर? विटा भाजाले?" सगळे हसले, मला बरं वाटलं. ती माझ्याकडे वळली. "बापू, तूच सांग याईले." अणू कसा फुटतो, त्यातून देशाला वीज कशी मिळेल, हे मी नीट सांगितलं. पेढा हातावर ठेवत ती म्हणाली, "इतकं समजते, मंग तुले काहून नाई घेतलं?" पुढे मी वर्तमानपत्रात लागलो; तिथे अणुभट्टीची बातमी आजही माझ्याकडेच येते, मी सोपं करून सांगतो म्हणून.