श्रीखंड, बिबट्या आणि मी

हसायचं नाही अशी शपथ घेत असाल तरच सांगतो. नाहीतर राहू दे, चहा प्या. बरं बरं, हसा! पण मंजिरीसमोर विषय काढू नका. ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागेल, आणि तिच्या सांगण्यात मी याहून वाईट दिसतो.

मंजिरी म्हणजे आमची गृहमंत्री. तिला जंगलाचं वेड. दिल्लीत, द्वारकेच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत दुर्बीण लावून घारी बघत बसते. किती जंगलं पालथी घातली, पण बिबट्या? तो तिला आजवर फक्त ‘सावधान’ लिहिलेल्या बोर्डावर भेटलेला. म्हणून यंदा उत्तराखंडात, लॅन्सडाउनच्या पुढे, डोंगरात, तंबूत राहायचं ठरलं. एकच मागणी होती तिची. बिबट्या दिसू दे, मग पुढच्या सुट्टीत तू म्हणशील तिथे जाऊ.

कोटद्वारनंतर घाट लागला आणि काय सांगू, डोळे निवले! एका वळणावर चक्क भेकर उभं होतं, रस्त्याच्या कडेला. मंजिरी कॅमेरा उचलते आहे, तेवढ्यात मी ओरडलो, “अगं, ते बघ, ते बघ!”

भेकर कसलं थांबतंय?

मंजिरीने कॅमेरा खाली ठेवला. कॅम्पवर पोचल्यावर म्हणाली, “यार, एक उपकार कर. दोन दिवस तोंडातून आवाज काढू नकोस.”

मी कबूल केलं. मनापासून केलं!

कॅम्प झकास होता. समोर दरी, मागे चिडाचं, म्हणजे पाइनचं रान. कॅम्पचे मालक नेगीजी, आणि शेजारच्या तंबूत नोएडाचं गुप्ता कुटुंब. दुपारच्या चहानंतर सगळे दरीच्या काठावर दुर्बिणी लावून बसले. मंजिरीने पक्ष्यांचे आवाज टिपायला फोन रेकॉर्डिंगवर टाकून स्वयंपाकाच्या तंबूबाहेर कट्ट्यावर ठेवला होता. मला हुकूम झाला, श्रीखंडाचा डबा घेऊन ये. घरी चक्का बांधून, केशर घालून, बर्फात जपून आणलेलं श्रीखंड हो!

तंबूत शिरतो तर काय? एक लालतोंडं माकड डबा काखोटीला मारून निघालेलं!

आता इथे थोडं थांबा. दिल्लीतल्या आमच्या सरकारी ऑफिसात माकडांचा फार उच्छाद. फायली फाडतात, डबे पळवतात. त्यांना हाकलायला काही माणसं ठेवलेली आहेत. ती हुबेहूब वानरासारखा, म्हणजे काळतोंड्या लंगूरसारखा आवाज काढतात आणि माकडं धूम ठोकतात. तो आवाज मी लंचच्या सुट्टीत हौसेने शिकून घेतलाय. आमच्या सेक्शनमध्ये बिल्कुल माझ्या तोडीचं कोणी नाही. मग काय! सवयीने छाती भरली आणि सोडला. खॅक! खॅक-खॅक! हूप!

माकड पळालं, पण डब्यासकट. मी मागे. उतारावर घसरलो, काटे लागले, शेवटी त्याने डबा टाकला. झाकण शाबूत! विजयी वीरासारखा वर आलो.

कॅम्पवर चिटपाखरू नाही.

खुर्च्या उलट्या पडलेल्या, चहा सांडलेला. सगळे गाड्यांत, काचा वर. मंजिरी आतून हातवारे करतेय. नेगीजी काच बोटभर खाली करून कुजबुजले, “साहब, जल्दी अंदर! लंगूर ने कॉल दिया है। तेंदुआ बिल्कुल नज़दीक है।”

बिबट्या! मी असा धावलो की दारावर डोकं आपटलं. आत पडलो, डबा मांडीवर.

आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तुला कळलं कसं नाही? देवाशपथ नाही कळलं! ऑफिसात वानर ओरडलं की माकडं पळतात, एवढंच माझं ज्ञान. जंगलात ते बिबट्या दिसला की ओरडतं, हे मला कोण सांगणार? मी समजलो, दुसरं कोणी वानर ओरडलं असेल.

मंजिरीने माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी. “अरे, अखेर! आज दिसणार!” ती देवाला म्हणत होती येऊ दे, मी त्याच देवाला म्हणत होतो नको येऊ. बराच वेळ सगळे काचांना नाक लावून रानाकडे बघत बसलो.

शेवटी मंजिरीने पळताना उचलून आणलेला फोन काढला. रेकॉर्डिंग सापडलं. काचा खाली झाल्या, गुप्ताजी कान देऊन बसले, आवाज मोठा केला.

खॅक! खॅक-खॅक! हूप!

नेगीजींनी मान डोलावली. “पुराना नर है।”

आणि मग, त्या शांत रानात, स्पष्ट मराठीत, “ठेव! ठेव तो डबा खाली, मेल्या! श्रीखंड आहे त्यात!”

गुप्ताजी हळूच म्हणाले, “भाभीजी, ये लंगूर क्या बोल रहा है?”

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. मग डब्याकडे. तिचा चेहरा असा उतरला की मला खरंच रडू आलं. बायकोला बिबट्याची आशा दाखवून मीच ती हिरावून घेतली होती. “सॉरी गं,” म्हणालो. “मला माहीत नव्हतं.”

तिचे ओठ थरथरले. वाटलं, आता फुटणार. फुटलीच! पण हसू. अशी हसली, अशी हसली, की दरीपलीकडून प्रतिध्वनी आला. त्या दिवशी पंचक्रोशीतलं उरलंसुरलं जनावरही पळालं असणार. मग सगळ्यांनी मिळून श्रीखंड संपवलं. नेगीजींनी दोनदा मागून घेतलं.

घरी परतलो आणि बघतो तर बाईसाहेबांनी ते रेकॉर्डिंग आपल्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाकलेलं. खाली लिहिलं होतं, ‘नर. प्रौढ. पोट सुटलेलं. श्रीखंडाला हात लावल्यास आक्रमक.’

कोणीतरी विचारलं होतं, ‘दुर्मिळ दिसतोय! कुठे बघायला मिळेल?’

मंजिरीचं उत्तर, ‘द्वारका. सोफ्यावर. रोज.’