आक्का सांगलीत पाणी प्यायल्या नाहीत

आक्का गेल्या त्या दुपारी मी मेढ्याला ऑफिसात होते. थोरल्या दिरांचा फोन आला. ते पूर्वी फौजेत होते, बोलणं कमी. "शोभा, घरी ये. आक्का गेली," एवढंच म्हणाले. सकाळी मला डबा भरून देणारी बाई… छातीत कळ आली आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत सगळं संपलं. घरी जाताना मला रडू आलं नाही. डोक्यात एकच होतं, हे सांगलीला प्रणालीला कोण सांगणार आणि कसं. प्रणाली माझी मुलगी, अकरावीला तिथल्या वसतिगृहात राहते. जन्म तिला मी दिला. पण ती मला आई म्हणायची आणि आक्कांना थोरली आई, आणि या दोन्हींत वजन कुणाचं जास्त, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा जेमतेम बारावी झाले होते. लोणंदजवळच्या माझ्या माहेरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुढे शिकायचं मनात होतं, पण नव्या सुनेनं ते बोलायचं कुणाकडे? एकदा पाणी शेंदताना आक्कांना सांगून बसले. त्याच दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "शिकून काय कलेक्टर व्हायची हाय व्हय?" त्यावर आक्का शांतपणे म्हणाल्या, "व्हईल न्हाईतर न्हाई. भाकरी तर मी थापतीया. तुमच्या ताटात काय कमी पडलं का आत्ती?" स्वतः त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. माझं बी.ए. झालं, नोकरी लागली, प्रणाली झाली, आणि ती वाढली ती आक्कांच्या कडेवर. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

दहावी झाल्यावर प्रणालीने डॉक्टर व्हायचं म्हटलं. आमच्यापुढे दोन कॉलेजं होती. साताऱ्याचं चांगलंच होतं. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळी घरी. सांगलीच्या कॉलेजात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी तिथेच करून घेत होते, पण मुलीला वसतिगृहात ठेवावं लागणार होतं. प्रवेशाच्या अर्जात पहिली पसंती कुठली भरायची यावर घरात आठवडाभर बोलणं चाललं. माझे यजमान महाबळेश्वरला टॅक्सी चालवतात, हंगामात त्यांना यायला जमत नव्हतं. ते फोनवर म्हणाले, "वहिनी म्हणतील तसं करा." आणि वहिनी काय म्हणणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पोरीशिवाय ज्यांना घास गिळत नव्हता, त्या साताराच म्हणणार. आक्का मात्र म्हणाल्या, "दोन्ही बघू. पोरगी द्यायच्या आधी घर बघत्यात का न्हाई?" दीर हसले. "आगं, कॉलेज बघायला चाललीस का जावई?" "दोन्हीला डोळं उघडंच ठेवाय लागत्यात," आक्का म्हणाल्या.

आमच्या भावकीत स्थळ बघायला जायचं तर आक्कांना हमखास न्यायचे. त्यांची एक रीत होती. गेल्या गेल्या पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, कसं देतं, त्यावरून घर कळतं, असं त्या म्हणायच्या. दोनदा त्यांचा अंदाज साफ चुकलाही होता, पण रीत काही बदलली नाही. साताऱ्याच्या कॉलेजात प्रणालीला घेऊन गेलो, तेव्हा तिथल्या शिपाईमामांनी माठातलं पाणी दिलं. आक्का दोन पेले प्यायल्या. "गोड हाय गं पानी," म्हणाल्या. मला वाटलं, झालं, ठरलं. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं.

आम्ही तिघी सांगलीला गेलो त्या दिवशी ऊन फार होतं. ऑफिसातलं काम मी बघत होते, आक्का वसतिगृहाच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना विचारत राहिल्या. रडू येतं का? आजारी पडलं तर उशाशी कोण बसतं? एक मुलगी म्हणाली, "पहिला महिना लय रडले आजी, आता दुसऱ्यांना गप करते." तिनेच आतून पाण्याचा पेला आणला. दुष्काळी जतची होती. "आमच्याकडं पाण्याला नाही म्हणायचं नसतं," म्हणाली. आक्कांनी पेला हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच पायरीवर ठेवला. मुलीचा चेहरा उतरला. मला अवघडल्यासारखं झालं, म्हणून मीच तो उचलून पिऊन टाकला. मनात म्हटलं, आक्कांना हे पसंत नाही.

परतताना एसटीने कऱ्हाड सोडल्यावर आक्कांनी पिशवीतून घरचा तांब्या काढला. जुना, फिरकीच्या झाकणाचा. घटाघटा पाणी प्यायल्या. मी म्हटलं, "एवढी तहान होती, तर तिथं का नाही प्यायलात? आवडलं नाही ना तुम्हाला?"

"कोण म्हनलं?" त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. "दिलेल्या लेकीच्या घरचं पानी पीत्यात व्हय?"

आमच्याकडे जुनी माणसं अजून हे पाळतात. मुलगी दिली की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी पाणी प्यायचं नाही. मला समजायला थोडा वेळ लागला. म्हणजे त्या पायरीवरच आक्कांनी मुलगी देऊन टाकली होती.

"साताऱ्यात पोरीनं धा डाव माझ्याकडं वळून बघितलं," त्या म्हणाल्या. "हितं त्या पोरींच्यात जाऊन बसली, वह्या उघडल्या, आन् एकदाबी मान वळवली न्हाई. तिची जागा हाय ती."

पुढच्या सीटवरून प्रणाली वळली. "थोरली आई, मला बाळ होईपर्यंत तू तहानलेली राहणार?"

"बाळ कशाला? डाक्टर हो. तुझ्या दवाखान्यात येऊन तांब्याभर पिईन. इंजेक्शन मात्र तुझ्या हातचं घ्यायची न्हाई."

त्यानंतर भेटीच्या रविवारी आम्ही जायचो. आक्कांच्या पिशवीत भाकरी, खर्डा आणि घरच्या पाण्याचा तांब्या. खोलीतल्या मुली मुद्दाम त्यांच्यापुढे पेला ठेवायच्या आणि आक्का त्यावर पंजा झाकायच्या. प्रणालीला तांब्यातलं अर्धं पाणी द्यायच्या, अर्धं स्वतःला परतीसाठी. घरी संध्याकाळी एसटीचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं… मग पुन्हा सुरू व्हायचं. एकदा दिरांनी विचारलं, "घर रिकामं लागतंय न्हवं?" "लागतंय की," आक्का म्हणाल्या. "लागू दे."

आक्का गेल्या त्या दिवशी माझा चुलतदीर सांगलीहून प्रणालीला घेऊन आला तोवर अंधार पडायला आला होता. तिच्यासाठीच सगळे थांबले होते. एकेक जण आक्कांच्या तोंडात पाणी घालत होता. प्रणाली पुढे आली, सॅकची चेन उघडून बाटली काढली. वसतिगृहात भरलेली. बाटली हातात धरून ती उभी राहिली. एक म्हातारे म्हणाले, "घाल पोरी, कुठलंबी पानी चालतंय." तिने माझ्याकडे बघितलं. "हे नको," म्हणाली, "अजून नाही." बाटली सॅकमध्ये ठेवली, आत जाऊन फळीवरचा आक्कांचा तांब्या आणला आणि त्यातलं पाणी घातलं.

पुढे बरेच दिवस ती एकच विचारायची. "आई, सातारा घेतलं असतं तर आदल्या संध्याकाळी तरी मी तिच्याजवळ असते ना?" असती. हे खोटं कसं म्हणू? आक्का असत्या तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं.

आता महिना होऊन गेला. मागच्या रविवारी मी एकटीच सांगलीला गेले. भाकऱ्या मी थापल्या होत्या, आक्कांसारख्या पातळ जमत नाहीत. प्रणालीने खोलीतल्या मुली ठेवायच्या तसा पेला पुढे ठेवला आणि मी त्यावर हात झाकला. तिने मी नेलेल्या आक्कांच्या तांब्याची फिरकी उघडली, अर्धं पाणी पिऊन झाकण घट्ट फिरवलं आणि उरलेला अर्धा तांब्या माझ्या पिशवीत नीट उभा ठेवला, आक्कांच्या पिशवीत ठेवायची तसाच. एसटीत तो मी मांडीवर धरून बसले. कऱ्हाड सुटल्यावर उघडला. पाणी अजून गार होतं.