ओसरीवरचे रोहित पक्षी

परवा जळोचीच्या नव्या घरात ऑइलपेंटचा वास आला आणि मला डाळजची आमची ओसरी आठवली. मी लहान असताना एकदा आई पहाटेच कोळ्यांची होडी मागून घेऊन एकटी धरणात गेली होती, रोहित पक्षी बघायला. परत आली ती ओल्या लुगड्यानंच ओसरीच्या भिंतीवर त्यांचे गुलाबी पंख रंगवायला बसली.

"सूनबाई, ह्ये शोभतंय व्हय? पुसून टाक," आजोबा ओरडले.

"पुसा आबा. मी उद्या परत काढीन."

आजोबांनी खरंच चुना फासला. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा रंग कालवला आणि मला हाक मारली, "ये, एक पक्षी तू काढ."

आईला भीती ठाऊकच नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आज वाटतं, तीही घाबरलेली असणार. म्हणून तिला सोबत हवी होती.

आजोबा बघत होते. मी ब्रश घेतला.